आधी माथ्यावर चढ

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मार्चअखेर जवळ आला आहे, पाणलोटाचा, म्हणजे पावसाचे पाणी आणि माती शिवारातच अडवण्याच्या कामांचा, निधी खर्च झाला नाही तर तो परत जाईल, सरपंच ओढ्यावर सिमेंट बंधारा मागत आहेत, गायरानात पाणी मुरवण्याचे चर खणायला गुरे-शेळ्या राखणाऱ्यांचा विरोध आहे आणि काम कोणत्या योजनेत बसवावे हे तुला उमगत नाही, असे तू लिहिले आहेस. मी पत्र दोनदा वाचले. त्यात पाच योजनांची नावे आहेत, पण गावाचा उतार कोणत्या दिशेला आहे हे एकदाही आलेले नाही. वाईट वाटले ते त्याचे.

आधी माथ्यावर चढ. योजना त्यानंतर पाहू.

माथा ते पायथा, म्हणजे काम टेकडीच्या माथ्यापासून सुरू करून खाली ओढ्याकडे न्यायचे, हे प्रशिक्षणात शिकवलेच आहे, असे तू म्हणशील. मलाही शिकवले होते. राज्यात सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम 1983 साली सुरू झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी मी खात्यात रुजू झालो. पुढे केंद्राच्या 1995 च्या मार्गदर्शक सूचना आल्या, 2003 च्या ‘हरियाली’ सूचना आल्या, 2008 च्या समान मार्गदर्शक सूचना आल्या, 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार आले. दर वेळी नवे फलक लागले, नवे नमुने भरले गेले, आणि माथा ते पायथा हे तत्त्व दर वेळी नव्याने वाचून दाखवले गेले. तरीही मी त्याच्या उलट वागलो आहे, म्हणून तुला एवढ्या हट्टाने सांगतो आहे.

नोकरीच्या बाराव्या वर्षी, अशाच एका मार्चमध्ये, मी ओढ्यावर सिमेंट नालाबांध घेतला. वरची टेकडी उघडीबोडकी होती आणि तिच्यावर एकही चर नव्हता. दोन पावसाळ्यांनंतर मी पाहायला गेलो, तेव्हा बांध सांडव्यापर्यंत गाळाने भरलेला होता, वरच्या अंगाला बाभळीच्या फांद्या रुतल्या होत्या आणि पाण्याच्या जागेवर कोणीतरी हरभरा पेरला होता. मोजमाप पुस्तिकेत ते काम पूर्ण होते, आणि पन्नास पावलांवरच्या विहिरीचा तळ कोरडा होता. मी तेव्हा अडून बसायला हवे होते, हे मान्य आहे. पण त्या वर्षी माझ्याकडचा खर्च मागे पडला होता, दर बैठकीत मला उभे करून जाब विचारला जात होता, घरी दोन मुलींची शिक्षणे चालू होती आणि निधी परत गेला असता तर गावाने मलाच बोल लावला असता. माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर त्यानेही सही केली असती, असे मला आजही वाटते. तरीही त्या कागदावर सही माझी आहे.

म्हणून आधी माथा. हिशेब तूच करून पाहा. एका हेक्टरवर 10 मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होते. 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला चर, दर मीटरला 180 लिटर पाणी धरतो, म्हणजे हेक्टरी 500 मीटर चर असतील तर ते एका वेळी 90 हजार लिटर पाणी अडवतात. हे पाणी टेकडीच्या मुरमात मुरते आणि माती घेऊन खाली धावत नाही. मग ओढ्यावरचा बंधारा खुशाल घे. त्याला माझा कधीच विरोध नव्हता, विरोध आहे तो क्रम उलटा करण्याला. आणि योजनेचेच म्हणशील, तर 2005 च्या रोजगार हमी कायद्याने मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण 60:40 ठरवले होते. चरांचा जवळजवळ सगळा खर्च मजुरीचा असतो आणि बंधाऱ्याचा मोठा खर्च साहित्याचा, म्हणजे वरचे काम आधी केले तरच खालच्या सिमेंटला जागा उरते. शिवार नीट वाचले की योजना अशी आपोआप जुळते. माथ्याचा काही भाग वनखात्याचा असेल, तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आजच भेट, कारण तो भाग सोडून खाली केलेले काम अर्धेच ठरेल.

शेळ्या राखणाऱ्यांच्या विरोधाला तू अडाणीपणा म्हटले आहेस, ते मला मुळीच आवडले नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्यासाठी गायरान हेच शेत असते. ते एकदम बंद केलेस, तर त्याने शेळ्या न्याव्यात कुठे? हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, पण गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. तूही गायरानाचे तीन भाग पाड, एका वर्षी एकच भाग बंद कर आणि हे ग्रामसभेत त्यांच्यासमोर ठरव, त्यांच्या माघारी ठरवू नकोस.

लोकवाट्याबद्दल तू काहीच लिहिलेले नाहीस, त्यावरून मला शंका येते. 2008 च्या सूचनांप्रमाणे खासगी जमिनीवरच्या कामासाठी लाभधारकाने किमान 10 टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व अल्पभूधारक शेतकऱ्यांनी 5 टक्के वाटा पाणलोट विकास निधीत भरायचा, असे ठरले होते. पुढे दुरुस्तीला हाच पैसा उपयोगी पडतो. तो ठेकेदाराला भरू देऊ नकोस. ज्याने स्वतःचा रुपया घातलेला नाही, तो बांध फुटल्यावर फावडे घेऊन धावत नाही, हे मी फार वेळा पाहिले आहे.

निधी परत जाण्याची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. चरांचे अंदाजपत्रक याच आठवड्यात तांत्रिक मान्यतेला पाठव, आणि बंधाऱ्याचा प्रस्ताव पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घातल्याचे सरपंचांना लेखी दे. ते रागावतील. रागावू देत.

मी रविवारी येतो आहे. चरांची समपातळी आखायची ए-फ्रेम घरी आहे, ओळंब्याचा दोरा कालच बदलला आहे. चुन्याची एक पिशवी आणि दोन गडी बरोबर घे, आणि सकाळी सात वाजता मला ओढ्यावर नव्हे, गायरानाच्या अगदी वरच्या टोकाला भेट.