डब्यातला भात आणि केबिनमधला फ्रीज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, 'काका, ट्रकच्या केबिनमध्ये फ्रीज बसवू का?' मागून हॉर्न वाजत होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

फ्रीजचं नंतर बघू. आधी तुझ्या डब्यात काय असतं ते बघ. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दोन दिवस आरामात जाते. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची कोरडी चटणी तर महिनाभर काही मागत नाही. कांदा घातलेली धपाटी मात्र दुपारच्या आत संपव. थंड ठेवावं लागतं ते दूध, दही, उसळ, मटण. आणि भात. भाताला सगळे विसरतात.

मीही विसरलो होतो. मे महिन्यात जालन्याहून सळया भरून नागपूरला निघालो. निघताना लग्नघरच्यांनी मसालेभाताचा डबा दिला. तो मी केबिनमधल्या बोनटवर ठेवला, इंजिनच्या उबेला. रात्री मेहकरच्या पुढं गाडी लावली, स्टोव्हवर भात चांगला वाफवला आणि खाल्ला. वासही आला नव्हता. पहाटेपर्यंत उलट्यांनी आतडी पिळून निघाली. पुढं एका डॉक्टरनं समजावलं: भातातल्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून गरम केलं की झालं, हे डोक्यातून काढ. 5 ते 60 अंशांच्या मधे शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात. आपल्या उन्हाळ्यात एकच तास धर.

आता थंडाव्याचं. आमच्या वेळी बंपरला छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, लटकायची. कापडातून पाणी पाझरायचं, वाऱ्यानं उडायचं आणि उरलेलं गार व्हायचं. ओलं गोणपाटही तसंच काम करतं. पण हे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत. श्रावणात ते गोणपाट नुसतं कुबट वास मारतं.

सगळ्यात भरवशाचा म्हणजे थर्माकोलचा खोका. मेडिकलवाल्याकडे औषधं ज्यात येतात तो माग, बहुतेक फुकटच देईल. मोकळा बर्फ घालू नकोस, त्याच्या पाण्यात डबा पोहतो. शिवाय कारखान्याच्या लादीचं पाणी कुठलं, कोण जाणे. खायचा नसलेला बर्फ निळा रंगवावा असा नियम 2018 पासून आहे, तरी पांढरा दिसला म्हणून भुलू नकोस. ओळखीच्या ढाब्यावर रात्री लिटरच्या दोन बाटल्या डीप फ्रीजरात टाक. गळ्यापर्यंत भरू नकोस, बर्फ फुगतो. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून 80 अंशांवर जाईल. म्हणून दोन बाटल्याही पुष्कळ झाल्या. त्या वर ठेव, डबा खाली, कारण गार हवा खाली उतरते. खोक्यावर गोधडी टाक आणि उगीच झाकण उघडत बसू नकोस.

एवढ्यानं भागलं नाही तरच फ्रीज. स्वस्तातला, नुसता पंखा फिरणारा घेऊ नकोस. तो बाहेरच्यापेक्षा 15-20 अंशच खाली जातो. परभणीत दुपारी केबिन 45 वर गेली की आत 25 च्या पुढं! दही आंबणारच. कॉम्प्रेसरचा घे, 12 आणि 24 दोन्ही व्होल्टवर चालणारा. आपल्या गाडीत 12 च्या दोन बॅटऱ्या जोडून 24 केलेले असतात. इलेक्ट्रिशियन घाईत एकाच बॅटरीवरून वायर ओढतो. मग एक उपाशी, एक जास्त चार्ज, आणि वर्षाच्या आत दोन्ही बाद. त्याला समोर उभं राहून 24 वर जोडायला लाव. बॅटरी उतरली की आपोआप बंद होणारी सोय फ्रीजमध्ये आहे का, तेही बघ. रात्री आडरानात धक्का मारायला कोण येणार?

माझ्याकडं एक खोका पडलाय. लातूरकडं आलास की घेऊन जा. झाकणाचा एक कोपरा तुटलाय, त्याला चिकटपट्टी लाव.

तुझा,
काका