३६वा आठवडा, बाळ पायाळू आहे. डॉक्टर बाहेरून हाताने फिरवून बघू म्हणतात, सासरचे नको म्हणतात, सासूबाई म्हणतात देवाने जसं ठेवलंय तसं राहू द्या. काय करू?

करून बघ. माझं बाळ फिरलं नव्हतं, शेवटी सिझरच झालं, तरी सांगते, करून बघ.

पहिलटकरीण असशील असं धरून लिहितेय. आणि तू जे लिहिलंयस ना, "सासूबाई म्हणतात देवाने जसं ठेवलंय तसं राहू द्या", तिथे मी थांबले. कारण माझ्या सासूबाई स्वतःच पायाळू होत्या. बडोद्याजवळच्या पादऱ्याला घरीच सुईणीच्या हातून पाय पुढे करून आलेल्या, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहायचो, वाड्यात कुणाची पाठ धरली, उसण भरली की माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी आमच्या ओसरीवर येऊन पालथा पडायचा आणि सासूबाई पदर खोचून त्याच्या पाठीवर डाव्या पायाने तीन लाथा मारायच्या. बरं वाटायचं म्हणे. पावसाळ्यात वीज कडाडली की मात्र सासरे त्यांना अंगणात पाऊल टाकू द्यायचे नाहीत, पायाळू माणसावर वीज पडते म्हणून. तर अशा घरात मी सदतिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून आले आणि सांगितलं की बाळ उलटं आहे. सासूबाईंचा चेहरा असा फुलला की विचारू नकोस. "फिरवायचं कशाला? नशिबाने पायाळू येतंय!"

२०१४ चं उत्तरायण, म्हणजे गुजरातेतली संक्रांत, दोन दिवसांवर होतं. आमच्या डॉक्टरबेन गुजराती, त्या म्हणाल्या होत्या "बाळक हजु ऊंधुं छे", म्हणजे बाळ अजून उलटंच आहे, आणि दिराने ते ऐकल्यापासून घरात एकच विनोद, की यंदा ऊंधियुं (उत्तरायणाची ती भाजी) बाहेरून मागवायला नको, वहिनीने घरीच केलंय. मला हसू येत नव्हतं.

पण माझा खरा राग सासूबाईंवर नव्हताच, जाऊबाईंवर होता. (अजून आहे, थोडा.) त्यांची दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, त्यामुळे त्या विषयातला शेवटचा शब्द त्यांचा. त्या म्हणाल्या डॉक्टरला पोटाला हात लावू देऊ नकोस, काहीतरी तुटेल फाटेल, त्यापेक्षा माझ्या ओळखीची मालिशवाली आहे, ती तेल लावून दोन दिवसांत बाळ सरळ करते. आता मला सांग, जिच्याकडे सोनोग्राफी नाही, बाळाचे ठोके बघायचं मशीन नाही, वार (प्लॅसेंटा) कुठे चिकटलीय हे जिला माहीत नाही, तिचा हात चालतो, आणि जिच्या शेजारच्या खोलीत ऑपरेशनची तयारी असते तिचा हात नको? मी तोंडावर विचारलं. त्या दिवसापासून आमचं जे बिनसलंय ते अजून पूर्ण जुळलेलं नाही. मालिशवालीकडून बाळ फिरवून घेऊ नकोस, कुणीही कितीही सांगितलं तरी. बाळाला काही होतंय हे तिला कळायलासुद्धा मार्ग नाही.

डॉक्टरबेननी मला आकडे सांगितले होते, तेच तुला सांगते, कारण आमच्या घरात एवढी चर्चा झाली पण आकडा कुणी विचारला नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण पाचातलं एक बाळ उलटं असतं, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उरतात, बाकीची आपली आपण कोलांटी मारतात. म्हणून ३६-३७ आठवड्यांच्या आधी फिरवत नाहीत. फिरवलं तर एकूण निम्म्या बायकांत जमतं, पहिलटकरणीत शंभरात चाळीसेक, दुसऱ्या तिसऱ्या खेपेला साठेक. फिरलेलं बाळ परत उलटं होणं क्वचित. आणि फिरवताना काही बिघडून तातडीने सिझर करावं लागलं असं दोनशेत एखादीला. माझी वार पुढच्या भिंतीला होती, बाळाचे पाय सरळ वर गेलेले होते, म्हणून त्या म्हणाल्या तुझ्या बाबतीत चाळिसाहून कमीच धर.

मग आमच्या "ह्यांनी" विचारलं की पायाळूचीच नॉर्मल डिलिव्हरी का नाही करत, आई तर तशीच झाली. त्यावर त्या बराच वेळ बोलल्या. डोकं हा बाळाचा सगळ्यात मोठा भाग, तो शेवटी येतो, अडकला तर वेळ नसतो. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांवर बायकांचा एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात ठरवून केलेलं सिझर बाळाला जास्त सुरक्षित दिसलं, आणि तेव्हापासून जगभर बऱ्याच डॉक्टरांनी पायाळू डिलिव्हरी करायचीच सोडली. पुढे त्यातल्याच काही मुलांना दोन वर्षांची झाल्यावर तपासलं तर मोठा फरक दिसला नाही, पण तोवर नव्या डॉक्टरांचा हातच बसायचा राहून गेला. "मने आवडे छे, पण मारी जुनियरने नथी आवडतुं," असं म्हणाल्या. म्हणजे मला येतं, माझ्या ज्युनियरला येत नाही. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर ड्युटीवर कोण असेल, हे तूही विचार.

वासी उत्तरायण म्हणजे सणाचा दुसरा दिवस, त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. सकाळपासून उपाशी, कारण वेळ आली तर सिझर. आधी अर्धा तास एनएसटीचा, म्हणजे बाळाचे ठोके नोंदायच्या तपासणीचा, पट्टा. मग दंडात एक इंजेक्शन, गर्भाशय सैल पडावं म्हणून, त्याने माझं काळीज असं धडधडायला लागलं आणि हात थरथरायला लागले की मला वाटलं आपण घाबरलोय, पण ते औषधानेच होतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून तुला सांगतेय. पोटावर जेल, डॉक्टरबेननी एका हाताने बाळाचं बूड ओटीपोटातून वर उचललं आणि दुसऱ्या हाताने डोकं पुढे ढकलायला लागल्या, कणकेचा मोठा गोळा परातीत फिरवतात ना तसं. दुखतं. खोटं सांगत नाही, दुखतं, पण कळांसारखं नाही, दाबल्याचं दुखणं. मध्येच थांबा म्हटलं तर थांबतात, मी एकदा म्हटलं, थांबल्या, ठोके बघितले. तीन वेळा प्रयत्न केला. एकदा बाळ आडवं आलं, मला पोटाचा आकार बदललेला दिसला, आडवा झाला, आणि मग सुळकन परत होतं तिथे. डॉक्टरबेन म्हणाल्या बस, चौथ्यांदा नाही. परत एनएसटी, ठोके छान, संध्याकाळी घरी. गच्चीवरून कुणीतरी अजून उरलेले पतंग उडवत होतं आणि "काप्यो छे" ओरडत होतं. मी जिन्यात बसून रडले.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात ठरवून सिझर. मुलगी छान. नाळेचा एक वेढा गळ्याला होता, आणि इथून जाऊबाईंचं सुरू झालं ते अजून चालू आहे: "पोट चोळून घेतलंस म्हणून वेढा पडला, म्हणून सिझर झालं." अहो, वेढा चारेक बाळांतल्या एकाला असतोच, डोक्याकडून येणाऱ्यांनाही असतो. आणि सिझर तर न फिरवताही बहुतेक होणारच होतं! मी फक्त ते टळतंय का हे बघितलं. लॉटरीचं तिकीट लागलं नाही म्हणून कुणी म्हणतं का की तिकीट काढलं म्हणून गरीब राहिलास? कितीदा सांगितलं. लग्नात, बारशात, एकदा तर सूरसागर तळ्याच्या काठावर शेवपुरी खाताना. त्यांना पटत नाही. तू तुझ्या घरच्यांना पटवायच्या भानगडीत पडू नकोस, नवऱ्याला घेऊन डॉक्टरकडे बस, तुझ्या केसचे आकडे विचार, आणि ठरव. पोट तुझं आहे.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. वार खाली असेल, जुळं असेल, पाणी फुटलेलं असेल, हल्ली रक्त गेलं असेल, किंवा एनएसटी नीट नसेल तर फिरवत नाहीत, मग माझं सगळं वरचं विसर. तुझा ब्लडग्रुप निगेटिव्ह असेल तर फिरवल्यावर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं का ते विचार. जिथे लगेच सिझर होऊ शकत नाही अशा जागी करून घेऊ नकोस. गुडघ्या-कोपरांवर ओणवं राहायचं वगैरे मी तीन आठवडे केलं, कंबर मोडली, बाळ हललं नाही.

आणि बाळ झाल्यावर, फिरलं असो नसो, सहा आठवड्यांच्या आसपास त्याच्या खुब्यांची सोनोग्राफी करून घे. शेवटपर्यंत उलट्या राहिलेल्या बाळांत खुबा सैल असायची शक्यता जास्त असते. माझ्या मुलीचे पाय जन्मल्यावर कित्येक दिवस कानापर्यंत वर जायचे, लंगोट बांधताना नर्स हसायच्या. खुबे ठीक निघाले.

तिला पायाळू धरायचं की नाही यावर घरात वर्षभर वाद झाला. डॉक्टर म्हणाल्या आधी बूड बाहेर आलं, त्यामुळे दीर तिला बुडाळू म्हणायचा. सासूबाईंनी निकाल दिला, पायाळूच. गेल्या दिवाळीत चकल्या पाडता पाडता जाऊबाईंना उसण भरली, सासूबाई आता नाहीत, तर जाऊबाईंनी माझ्या मुलीला हाक मारली. मी म्हटलं, वहिनी, ही सिझरची आहे हं, चालेल का? त्या पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "तू गप्प बस, तिला पाय लावू दे."