वाचकांचे प्रश्न : भीती वाटते म्हणजे विश्वास उरला नाही काय?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूत सलाम. माझ्या यजमानांच्या घशात गाठ आली असून तिचा तुकडा काढून तपासणीला पाठवला आहे. अहवाल यायला दहा दिवस लागतील असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मी लहानपणापासून मंडळीत वाढले, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवते. तरी सध्या रोज रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि मग डोळा लागत नाही. स्वयंपाकघरात दिवा लावून बसते. समोर वचनाचे कॅलेंडर आहे आणि या महिन्याचे वचन आहे, ‘तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे.’ ते वाचून धीर येण्याऐवजी मला अपराधी वाटते, कारण मी तर भितेच आहे. देव खरोखर ऐकतो का, असेही मनात येऊन जाते. बुधवारच्या महिला प्रार्थनासभेत मी हे बोलून दाखवले, तेव्हा एका ज्येष्ठ भगिनीने नव्या करारातील याकोबाचे पत्र उघडून सांगितले, की संशय धरणाऱ्याला प्रभूपासून काही मिळत नाही, तेव्हा आधी संशय काढून टाक. उद्या यजमानांना काही झाले, तर ते माझ्या संशयामुळे झाले असे होईल काय?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, सलाम. तुमच्या पत्राला मी लगोलग टपालाने उत्तर धाडले होते. तेच तुमच्या परवानगीने थोडे वाढवून येथे छापत आहे, कारण या महिन्यात आणखी तीन-चार वाचकांनी वेगळ्या शब्दांत हेच विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण रात्री तीन वाजता तुम्हाला तोच छळत असणार. नाही, तसे होणार नाही. यजमानांच्या घशातील गाठ तुमच्या मनातील विचाराने वाढत नाही आणि त्यांचे जगणे-मरणे तुमच्या विश्वासाच्या वजनावर तोलून ठरवणारा देव पवित्र शास्त्रात मला कोठे भेटलेला नाही.

आता याकोबाचे ते वचन. त्या भगिनीने ते चुकीचे वाचले असे मी म्हणणार नाही. तिने ते मधूनच वाचले. पहिल्या अध्यायाच्या सहाव्या वचनातील संशयाची गोष्ट पाचव्या वचनापासून सुरू होते, आणि तेथे विषय आजाराचा नसून ज्ञानाचा आहे : कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने ते देवाजवळ मागावे, आणि देव दोष न लावता, हात आखडता न घेता देतो. हे ‘दोष न लावता’ आपण वाचताना नेमके गाळतो. पुढे आठव्या वचनात ज्याला ‘द्विबुद्धीचा’ म्हटले आहे, त्याच्यासाठी मूळ ग्रीक शब्द दोन मने असलेला अशा अर्थाचा आहे. एक पाय देवाच्या दारात आणि दुसरा दुसऱ्या कोणाच्या तरी दारात ठेवून, जिकडून लाभ होईल तिकडे वळू, असा हिशेब करणारा तो माणूस. तुम्ही असा हिशेब केलेला नाही. भीती वाटली तेव्हा तुम्ही प्रार्थनासभेतच गेलात. दुसरे दार ठोठावायला गेला नाहीत.

त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याविषयी स्वतंत्र वचने आहेत. तेथे आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यावर प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. म्हणजे ज्या प्रसंगाची तुम्हाला धास्ती आहे त्या प्रसंगी विश्वासाची प्रार्थना करण्याचे काम याकोब वडीलमंडळींकडे देतो. थकलेल्या घरातल्या माणसांकडून तो ते एकट्याने करून घेत नाही. तुमच्या पाळकांना आणि मंडळीच्या वडिलांना अजून घरी बोलावले नसेल तर बोलवा. आणि अशा प्रार्थनेनंतरही प्रत्येक आजारी उठून उभा राहतोच, असे शास्त्र सांगत नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काट्यासाठी, म्हणजे जडलेल्या दुखण्यासाठी, तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर त्याला मिळाले. आपला सोबती त्रफिम याला तर तो मिलेत गावी आजारी असतानाच मागे ठेवून आला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पौलाचा विश्वास कमी पडला असे त्या ज्येष्ठ भगिनीही म्हणणार नाहीत.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील बाप तुमच्या फार जवळचा आहे. त्याचा मुलगा लहानपणापासून झटके येऊन कधी विस्तवात, कधी पाण्यात पडतो. शिष्यांकडे आणला, त्यांना काही जमले नाही. शास्त्री वाद घालत उभे आहेत आणि गर्दी बघते आहे. अशा वेळी तो येशूला म्हणतो, तुमच्याच्याने काही होत असेल तर करा. त्या ‘असेल तर’ मध्ये किती वर्षांचा थकवा आहे पाहा. येशू तो शब्द पकडतो आणि विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे असे सांगतो. त्यावर तो बाप ओरडून म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एकाच श्वासात दोन्ही. येशूने त्याला घरी जाऊन विश्वास पुरा करून ये असे सांगितले नाही. त्याच पायरीवर, त्याच अर्ध्या विश्वासावर त्याने मुलाला बरे केले. अविश्वाससुद्धा येशूच्याच हवाली करता येतो, हे त्या बापाला गर्दीत उभ्या उभ्या सुचले. मला ते कळायला पाळकपणाची पंधरा वर्षे गेली. तरुणपणी एका घरात, मूल दगावून दोन दिवस झाले असताना, मी आईसमोर विश्वासावरची चार वचने धडाधड म्हटली होती. ती बाई काही बोलली नाही, पदर तोंडाशी धरून आत गेली. ते दार अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आपल्याच मातीतले उदाहरण द्यायचे तर पंडिता रमाबाईंचे देता येईल. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतरही त्यांनी तेथील मठातल्या भगिनींशी त्रैक्याविषयी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीविषयी) आणि ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी पत्रांतून निकराने वाद घातला. पटल्याशिवाय मान डोलावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले, ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. याच बाईंनी पुढे पुणे जिल्ह्यातील केडगावात हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी ते काम त्यांनी हातावेगळे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. त्या बापाची आरोळी मराठीत उतरवताना त्यांच्या मनात काय आले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आता तुमचे कॅलेंडर. ‘भिऊ नको’ हे शब्द तुम्ही आज्ञा म्हणून वाचता आहात, म्हणून ती मोडल्याचा अपराध वाटतो. पण हे शब्द आपल्या घरांत कोण कोणाला म्हणते? वीज गेली, अंधारात मूल रडू लागले, की आई ओट्यापासूनच हाक मारते, ‘भिऊ नकोस, मी आहे ना इथे.’ ते ऐकून आपण भ्यायलो ही आपली चूक झाली, असे कोणत्या मुलाला वाटते? यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात हे वचन पराभूत, घाबरलेल्या लोकांना उद्देशून आहे, आणि त्याचा सगळा भार ‘कारण’च्या पुढच्या शब्दांवर आहे. भीती पाप असती, तर धरले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू कष्टी आणि व्याकूळ झाला, हे शुभवर्तमानकारांनी लपवले असते. त्या रात्री त्यालाही सोबत हवी होती. तिघा शिष्यांना जागे राहायला सांगितले आणि तिघेही झोपी गेले.

देव ऐकतो का, हा विचार आला की तो त्यालाच ऐकवा. स्तोत्रसंहितेत असे पुष्कळ आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढून पाहा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपते. तरीही ते मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात राहिले आणि सुरुवातीला ते देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ अशीच हाक मारते.

झोपेचे मात्र डॉक्टरांनाही सांगा. त्यात कमीपणा नाही. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, उठवून भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले.

राहिली एक गोष्ट. पत्रात तुम्ही तुमच्या भीतीविषयी लिहिले आहे, यजमानांच्या भीतीविषयी एक ओळही नाही. गाठ त्यांच्या घशात आहे. तुम्ही तीन वाजता उठून जाता, तेव्हा ते खरोखर झोपलेले असतात की तुम्हाला काळजी नको म्हणून डोळे मिटून पडलेले असतात, हे मला येथे बसून सांगता येणार नाही. आज उठाल तेव्हा दोन कप चहा टाकून पाहा.