जांभळा इन्सुलेटर घेण्याआधी

परभणी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला निघालेल्या जांभळ्या इन्सुलेटरचे, म्हणजे खांबावर तार धरून ठेवणाऱ्या काचेच्या कपाचे, फोटो पाहिले. रंग डोळ्यात भरतो, पण पैसे पाठवू नकोस. विकणाऱ्याने चारही फोटो एकाच बाजूने काढलेत आणि काचेत उठवलेल्या अक्षरांची बाजू कुठेच दिसत नाही.

काचेच्या इन्सुलेटरमध्ये नवखा माणूस फसतो तो रंगावरच. जुन्या काळी काचेतली लोखंडामुळे येणारी हिरवट झाक घालवायला मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की आपोआप जांभळट होते. हे खरं आहे. पण गॅमा किरणांखाली ठेवून तोच रंग झटपट आणता येतो, आणि मग साधी काच 'दुर्मीळ' म्हणून विकली जाते. म्हणून आधी साचा ओळखायला शीक. अमेरिकन इन्सुलेटरच्या प्रत्येक आकाराला संग्राहकांनी सीडी (कन्सॉलिडेटेड डिझाइन) क्रमांक दिलेला आहे. तो फक्त आकारावरून ठरतो, रंगावरून नाही. कोणत्या कंपनीचा कोणता आकार कोणकोणत्या रंगांत निघाला, याच्या याद्या आहेत. तुझा जांभळा त्यात बसतो का, ते बघ. एरवी फिकट निळसर हिरव्यातच सापडणारा साचा एकदम गर्द जांभळा निघाला, तर मी तरी हात लावणार नाही.

मग आत बोट घाल. आटे आहेत का? आत आटे पाडून पिनेवर फिरवून बसवायच्या इन्सुलेटरचं, कॉवे नावाच्या संशोधकाचं पेटंट १८६५ चं. त्याआधीचे बिनआट्यांचे असत, आणि खरी मोठी किंमत बहुधा त्यांनाच येते. बुडाच्या कडेला दाणे असतील तर ती हेमिंग्रे या अमेरिकन इन्सुलेटर कंपनीची पाणी ठिबकवायची युक्ती, पेटंट २ मे १८९३ चं. कित्येक नगांवर ही तारीख काचेतच उठवलेली असते. दुकानदाराच्या गोष्टीपेक्षा ती वाच.

आपल्याकडच्या शोधाचं म्हणशील, तर मराठवाड्यात काच क्वचितच. मनमाड-सिकंदराबाद लाइनच्या कडेला तारेच्या खांबांवर होते ते पांढरे चिनी मातीचे कप. भंगारवाल्याला फक्त कप ज्यावर बसतो त्या लोखंडी पिनेशी मतलब. ती जालन्याच्या भट्टीत जाते आणि कप तिथेच फुटतो. मी म्हणेन, हे कपही जमव. पण रुळाकडेचं काही उचलू नकोस आणि कुठून आलं ते न सांगणाऱ्याकडून घेऊही नकोस. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे, आणि छंद म्हणून कोणी सोडणार नाही.

एखादा गुत्तेदार तुला हिरवट काचेची मोठी चकती 'इंग्रजांच्या काळातली' म्हणून दाखवेल. ती हाय टेन्शन लाइनची, कडक केलेल्या काचेची, बरीच अलीकडची. तिला ठोकून बघू नकोस. तडकली की सगळीच्या सगळी बारीक तुकड्यांत उडते.

त्या विक्रेत्याकडून अक्षरांचा, बुडाचा आणि आतल्या आट्यांचा फोटो मागव. टाळाटाळ केली तर विषय संपला. त्याऐवजी हेमिंग्रे कंपनीचा ४२ नंबरचा साधा इन्सुलेटर, हेमिंग्रे-४२, घे. तो भरपूर निघाला म्हणून स्वस्त आहे. टपालखर्च त्याहून जास्त पडेल. हातात धरून शिकायला त्याच्यासारखा दुसरा नाही. मागवताना आतल्या पोकळीतही कागद कोंबायला सांग, आणि घरी काकूंना किंमत टपालासकट सांगू नकोस.

तुझा,
काका