गच्चीवरची बाग आणि लेकीचं जेवण

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. ॲनोरेक्सियासाठी (वजन वाढायच्या भीतीनं खाणं टाळायचा मानसिक आजार) मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ, दोघांचे उपचार सुरू आहेत. वजन सावकाश वाढतंय. आता तिनं गच्चीवर भाजीपाला लावायचं मनावर घेतलंय. स्वतः पिकवलेलं तरी खाईल, अशी आशा वाटते. काय लावू द्यावं?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, खुशाल लावू द्या, पण ही आशा तिला बोलून दाखवू नका. मेथीच्या जुडीवर घरादाराची नजर खिळली, की पोरीला ताटासारखीच तिचीही धास्ती वाटेल.

मी कुंड्यांवर लिहिणारी बाई. उपचारांतलं डॉक्टरच सांगतील. बागेला किती वेळ द्यायचा, तेही आधी त्यांनाच विचारा. या आजारात नाडी मंदावते, हाडं ठिसूळ होतात, पटकन उठलं की चक्कर येते. मातीची पोती, पाण्याच्या बादल्या तिला जिन्यावरून वाहू देऊ नका. शिवाय शरीर सतत राबवत ठेवायची ओढ या आजारातच असते. पाणी घालायच्या निमित्तानं उगाच फेऱ्या वाढल्या, मधल्या वेळचं खाणं टळू लागलं, तर डॉक्टरांना लगेच कळवा. ठरलेलं खाणं आधी, खुरपं मग. काम बसून करण्याजोगंच द्या.

तिच्या यादीत पालक, काकडी, लेट्यूस असं कमी कॅलरींचंच असेल, तर भुईमूग सुचवून बघा. (मला तो कुठल्याही गुलाबापेक्षा आवडतो!) पावसाच्या तोंडावर रुंद कुंडीत, भुसभुशीत मातीत दाणे टोचायचे. पिवळी फुलं येऊन गेली की आऱ्या (फुलांच्या बुडातून निघणारे दांडे) खाली झुकून मातीत शिरतात आणि शेंग आत धरते. तेव्हापासून माती दाबायची नाही. काढणीला साडेतीन-चार महिने. तोवर किती शेंगा धरल्या ते दिसत नाही, रोज मोजता येत नाही. वजनाच्या, कॅलरींच्या आकड्यांनी पिडलेल्या मुलीला हे बरंच. तेवढा धीर नसेल तर शेजारी मेथी पेरा, तीन-चार दिवसांत कोंब दिसतील. झेंडूही असू द्या, त्याचा जेवणाशी संबंध नाही.

भोवळ आली, छातीत धडधडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तुमचाच धीर सुटला तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे.

शेंगा निघाल्यावर उकडायच्या की भाजायच्या, तिला ठरवू द्या. सगळ्या शेजारीपाजारी वाटून टाकल्या तर रागावू नका, आहारतज्ज्ञांच्या कानावर मात्र घाला.