लॅब नाही म्हणून अडून बसू नका
नवीनच विज्ञान शिकवायला लागलात ना, मग महागड्या किटच्या मागे लागू नका, दोरा, नट, फुगे, स्ट्रॉ, मेणबत्ती एवढ्यावर बरंच काही होतं. लंबकच घ्या. दोऱ्याला नट बांधायचा, वरच्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंमी ठेवलं की जाऊन-येऊन एक झोका साधारण १ सेकंदाचा येतो. आता विचारा, २ सेकंदांचा करायचा तर दोरा किती? बहुतेक जण ५० म्हणणार. म्हणू द्या, लगेच उत्तर सांगून मजा घालवू नका, १०० सेंमी लागतो हे स्वतः करून सापडलं की वर्गमूळवालं सूत्र (झोक्याचा वेळ दोऱ्याच्या लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो) नंतर सहज गळी उतरतं. फक्त एकच झोका मोजू नका, १० मोजून भागा, नाहीतर स्टॉपवॉच दाबण्यातच घोळ होतो.

आणि ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती लावून वर ग्लास उपडा ठेवायचा प्रयोग, त्यात "ऑक्सिजन संपला म्हणून पाणी चढलं" हे प्लीज नका सांगू, कितीही ठिकाणी छापलेलं असलं तरी. मेणबत्ती विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन उरलेला असतो, पाणी चढतं ते मुख्यतः गरम हवा थंड होऊन दाब कमी झाल्यामुळे, म्हणूनच ज्योत विझतानाच ते झपकन वर जातं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी जास्त चढेल, ऑक्सिजन तर तेवढाच होता! यावर मुलं मस्त भांडतात.

बाकी आदल्या दिवशी एकदा करून बघाच, जाळ असेल तर ओलं फडकं जवळ, आणि गटात चारच्या वर नको, पाचवा नुसता बघत बसतो.