भर मे महिन्यातला स्वेटर

प्रिय डॉक्टर,

नेत्रविभागाच्या ओपीडीत तुला रोज लाल डोळ्यांची रांग दिसत असेल. बहुतेकांचे नुसते डोळे आलेले असतात, ते बरे होतात. मला लिहायचंय ते त्या रांगेत क्वचित येणाऱ्या एका पेशंटबद्दल.

माझ्याकडे आला तो साठीचा मधुमेही शेतकरी होता. एक डोळा लाल, दुखरा, नजर धूसर. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, आत दाहाच्या पेशी दिसल्या, मी युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) ठरवून स्टेरॉइडचे थेंब दिले. भर मे महिन्यात त्याच्या अंगात स्वेटर होता. तो दिसूनही मी तापाचं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी बुबुळापुढे पुवाचा थर साचला होता. सोनोग्राफीत यकृतात गळू निघालं. तिथला क्लेब्सिएला नावाचा जंतू रक्तातून डोळ्यात पोचला होता. हा एंडोफ्थाल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग. तो डोळा गेला.

म्हणून आधी विचार: ताप, थंडी, शुगर किती, लघवीला जळजळ, नुकतं सलाईन किंवा कॅथेटर? उत्तर 'हो' आलं आणि नजरही उतरली असेल, तर बाहुली मोठी करून मागचा भाग बघ. पडदा दिसत नसेल तर बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी कर. जंतुसंसर्ग नाही याची खात्री होईपर्यंत नुसत्या स्टेरॉइडवर सोडू नकोस.

१९९५ च्या एंडोफ्थाल्मायटिस व्हिट्रेक्टॉमी स्टडीचा दाखला देऊन कुणी म्हणेल, शिरेतून अँटिबायोटिक देऊन उपयोग नाही. तो अभ्यास मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या संसर्गाचा होता. इथे जंतू रक्तात आहेत, नुसता डोळा सांभाळलास तर माणूस जाईल. आधी ब्लड कल्चर पाठव, फिजिशियनला त्याच दिवशी बोलाव. डोळ्यातलं सॅम्पल घेऊन मग व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम, सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलीलिटरमध्ये, डोळ्याच्या आतच टोच. सिरिंज मात्र वेगवेगळ्या घे, एकत्र केली तर साका धरतो. जंतू बुरशीचा वाटला तर औषध बदलेल, तेव्हा रेटिनाच्या सरांना विचार. व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला जेलसारखा भाग काढायचं ऑपरेशन, लागेल का, हेही तेच ठरवतील.

आयसीयूतून कॉल आला, रक्तात कँडिडा ही बुरशी सापडलीय म्हणाले, तर 'उद्या बघू' म्हणू नकोस. व्हेंटिलेटरवरचा माणूस धूसर दिसतंय असं सांगणार नाही. पापण्या उचलून, बाहुल्या मोठ्या करून दोन्ही पडदे तूच बघ. पांढरे कापसासारखे ठिपके दिसले तर तिथूनच मला फोन कर.

तुझा,
सर